ओकोट प'बितेक: 'लाविनोचं गाणं' रचणारा कवी, गाण्यांचा अभ्यासक

दूरदेशी

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पाच वर्षं युगांडात होतो. साखर कारखान्याची वसाहत, चहूकडे ऊस. मी तिथल्या एका शाळेत शिकवायचे. आमच्या स्टाफरूममध्ये उत्तरेकडच्या, गुलू भागातल्या एक बाई होत्या. एकदा दुपारी डबे उघडलेले असताना त्यांनी काहीतरी म्हणायला सुरुवात केली. ना धड गाणं, ना धड बोलणं. भाषा अचोली, मला एक अक्षर कळेना. ज्यांना कळत होतं त्या दोघीतिघी आधी खूप हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. मी विचारलं, हे काय होतं? त्या म्हणाल्या, "लाविनो नवऱ्याशी भांडतेय."

तेव्हापासून हा कवी माझ्या मागे लागलाय. त्याच्याबद्दल मराठीत कुणाशी तरी बोलावं म्हणून हा धागा.

ओकोट प'बितेक. जन्म १९३१, गुलू. 'कोट' म्हणजे पाऊस, पावसात जन्मला तो ओकोट. मधला 'प'' म्हणजे आपला 'चा-ची-चं'. त्याच्या प्रसिद्ध काव्याचं मूळ नाव 'वेर पा लाविनो', म्हणजे लाविनोचं गाणं, त्यातला 'पा' हाच. वडील शाळामास्तर. आई गाणी रचायची, गायची, नाचायची आणि त्या भागात तिचं नाव होतं. त्याच्या लिखाणाचा उगम कुठे शोधायचा, तर आधी त्या माउलीपाशी.

गुलूत शाळा, मग बुडोचं किंग्ज कॉलेज, मग शिक्षकाचं प्रशिक्षण आणि गुलूजवळ मास्तरकी. १९५३ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने अचोलीत कादंबरी लिहिली, 'लाक तार'. म्हणजे पांढरे दात. दात पांढरे आहेत म्हणून आपण जगात हसतो, अशी तिथली म्हण आहे, त्यावरून नाव. लग्नासाठी मुलीकडच्यांना द्यायचे पैसे जमवायला कंपालाला जाणाऱ्या एका गरीब पोराची ती गोष्ट. ज्या भाषेत वाचणारे मोजके, त्या भाषेत पहिलं पुस्तक, हे मला फार मोठं वाटतं.

तो फुटबॉलही उत्तम खेळायचा. १९५६ साली युगांडाचा संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला. हाच तो अनवाणी खेळण्यामुळे गाजलेला संघ. दौरा संपला, बाकीचे परतले, ओकोट मात्र शिकायला तिथेच राहिला. ब्रिस्टलला शिक्षणशास्त्र, वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला कायदा आणि मग ऑक्सफर्डला मानववंशशास्त्र.

ऑक्सफर्डच्या पहिल्याच व्याख्यानाची आठवण त्याने पुढे एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलीय. शिकवणारे गृहस्थ आफ्रिकेतल्या माणसांचा उल्लेख सरळ 'रानटी', 'आदिम' असा करत होते. त्याने हरकत घेतली. काही फरक पडला नाही. मला ते दृश्य डोळ्यासमोर येतं. ज्याच्या आईच्या गाण्यांवर गाव नाचतं तो मुलगा बाकावर बसलाय आणि समोरचा माणूस त्याला त्याच्याच लोकांबद्दल असं शिकवतोय.

त्याने तिथे कशावर प्रबंध लिहावा? अचोली आणि शेजारच्या लांगो लोकांच्या गाण्यांवर. १९६३ सालची गोष्ट.

मग आलं 'साँग ऑफ लाविनो'. इंग्रजी पुस्तक १९६६ मध्ये नैरोबीहून छापलं गेलं. मूळ अचोली काव्य त्याआधीच लिहिलेलं, पण पुस्तकरूपाने आलं ते १९६९ मध्ये. म्हणजे अनुवाद आधी आणि मूळ मागून! अनुवाद त्याचा स्वतःचाच. आणि इंग्रजी पुस्तकात नावाच्या पानावरच त्याने कबुली दिलीय की या अनुवादकाने गरुडाचे पंख थोडे छाटलेत, योद्ध्याच्या तलवारीची धार गंजवून बोथट केलीय आणि लय-यमकाचा खून केलाय. त्या स्टाफरूममधल्या बाई हसता हसता गप्प का झाल्या ते मला इंग्रजी वाचून पूर्ण कळलं नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

गोष्ट साधी आहे. लाविनो खेड्यातली, शाळा न शिकलेली, ऐन तारुण्यात नाचणाऱ्या मुलींची म्होरकी. नवरा ओचोल विद्यापीठात शिकून आलाय. आता त्याला बायकोची लाज वाटते. क्लेमेंटाइन नावाची शहरी बाई त्याने आणलीय, ओठ रंगवणारी, पावडर लावणारी. लाविनो म्हणते, तिचे ओठ रक्तात तोंड बुडवलेल्या रानमांजरासारखे दिसतात. तेरा भागांत लाविनो बोलत राहते. कधी नवऱ्याला सुनावते, कधी भाऊबंदांना हाक मारून त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडते. नाचावर, केसांवर, स्वयंपाकावर, घड्याळावर, औषधावर, निवडणुकीवर. ओचोलच्या बाप्तिस्म्याचं नाव मेल्किझेडेक ग्रेगरी. लाविनोच्या तोंडून ते येतं 'मेडिकिजेडेकी गिरिलिगोलोयो'. वाचताना हसू येतं, आणि मग लक्षात येतं की मोडलेलं नाव तिचं नाही, त्याचं आहे. 'ओचोल' या नावात 'चोल' म्हणजे काळा. आणि हाच माणूस पुढच्या काव्यात, 'साँग ऑफ ओचोल'मध्ये (१९७०), आईला विचारतो, मला काळा का जन्माला घातलंस?

तिची एक ओळ मी वहीत उतरवून ठेवलीय. आशय असा: परक्यांच्या रीती मला समजत नाहीत, पण मी त्यांना तुच्छ मानत नाही, मग तू आपल्या रीतींना तुच्छ का मानतोस?

पुढचं नंतर लिहिते. कुणी वाचलंय का?

गिरणगाव

इंग्रजी एम.ए.ला होतं आम्हाला. मोकळेपणाने लिहितो, मला तेव्हा ते काव्य आवडलं नव्हतं. अडाणी बायको, शिकलेला नवरा, शहरातली नखरेल सवत, आणि सगळं बरोबर बायकोचंच. परंपरा चांगली, आधुनिक वाईट. शिवाय ती सवत आणण्याबद्दल तक्रार करतच नाही! एका पुरुषाने बाईच्या तोंडून स्वतःला हवं ते बोलवून घेतलंय असं वाटलं. माझी आई चौथी शिकलेली. तिला शिकायला मिळालं नाही याचं दुःख मी रोज पाहिलंय. तिच्या निरक्षरतेचं कुणी गाणं केलं तर मला रुचणार नाही.

दूरदेशी

गिरणगाव, तुमच्या आईबद्दल वाचून थांबले. हा आक्षेप खरा आहे आणि आफ्रिकेतल्या बायकांनीही तो घेतलाय. लाविनो सवत स्वीकारते, हे तर मलाही टोचतं. त्याचं समर्थन मी करणार नाही.

पण ती शाळेविरुद्ध बोलत नाहीये. पुस्तकांवरचा भाग परत वाचून बघा. ती म्हणते, नवऱ्याचं घर म्हणजे पुस्तकांचं काळोखं अरण्य झालंय आणि आमची तरणी पोरं त्या अरण्यात संपली. ही विलापाची भाषा आहे. अचोली लोकांत मयताची गाणी हा मोठा प्रकार आहे आणि ओकोटने त्यांचाच अभ्यास केला होता. जिवंत नवऱ्यासाठी बायको मर्तिकाचं गाणं गातेय! शिक्षणाने तिच्याशी बोलणारा माणूस नेला, हे तिचं दुःख. शिकून कोडगा झालेला मुलगा आणि शिकू न दिलेली आई, या दोघांच्या मध्ये कुठेतरी हे काव्य उभं आहे असं मला वाटतं.

आणि ओचोलला त्याने एकट्याने बोलू दिलंच की. पूर्ण पुस्तकभर. तो काय म्हणतो, तर जुनं सगळं जाळा, पुसा, आणि शेवटी आधुनिक आफ्रिकेच्या संस्थापकांची स्मारकं उभारायला निघतो: बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा आणि जर्मनीचा बिस्मार्क. काँगोत लिओपोल्डने माणसांचे किती अमानुष हाल केले हे माहीत असलेला वाचक तिथे पुस्तक मिटून बसतो.

रानमेवा

किती छान लिहिलंय. स्वयंपाकाचं काय म्हणते ती? मला तेच आधी वाचायचंय.

दूरदेशी

रानमेवा, सहावा भाग तुझ्यासाठीच आहे. इंग्रजी चुलीची तिला भीती वाटते, त्या चुलीवर कुठलं भांडं कसं ठेवायचं ते समजत नाही. मग ती स्वतःचं स्वयंपाकघर दाखवते. कुठे काय ठेवलंय, सरपण कुठलं चांगलं जळतं, कुठलं नुसता धूर करतं. आणि दळायचे दगड. खालच्या मोठ्या दगडाला ती 'आईदगड' म्हणते, वरच्या लहानाला 'लेकदगड'. आईचं पोट खोल गेलेलं, पण दिवस कधी राहत नाहीत. दगड दळताना गातात, धान्य गातं आणि दळणारी बाई गाते. मी हे वाचताना माझ्या आजीच्या ओसरीत होते. जातं, पहाट आणि ओव्या.

रानमेवा

ताई, जातं नव्हे, ते पाटा-वरवंटा झालं! जात्याची वरची तळी खालच्या तळीवर गोल फिरते. हिच्याकडे वरचा दगड मागेपुढे सरकतोय, म्हणून तर खालच्याचं पोट खोल जातं. आमचा पाटा असाच मधोमध झिजून ताटासारखा झाला होता, आई टाकी लावून घ्यायची.

दूरदेशी

बरोबर, बरोबर. पाटाच. पण धान्य दळायचा. बाजरीच्या जातीचं नाचणीसारखं धान्य, तीळ, सगळं त्यावरच. आणि हो, शेवटच्या भागात लाविनो 'मालाक्वांग' नावाची भाजी करायला सांगते. मी खाल्लीय. अंबाडीच्या कुळातली आंबट पालेभाजी, त्यात शेंगदाण्याचं किंवा तिळाचं वाटण. पहिला घास घेतला आणि मला रडू आलं. भाकरी नव्हती एवढंच.

मांडवीकाठ

उत्तम धागा. गोव्यातून एक जोड देतो. युगांडा-केनियात ब्रिटिशांच्या कचेऱ्यांत गोवेकर कारकून पुष्कळ होते. माझ्या आजोबांचे दोन भाऊ तिथे होते. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला तेव्हा आले ते परत. कंपालात १९४० साली जन्मलेले, गोव्याच्या घराण्यातले पीटर नाझरेथ हे आफ्रिकी साहित्याचे मोठे समीक्षक आणि कादंबरीकार. 'इन अ ब्राउन मँटल' ही त्यांची कादंबरी नेमकी १९७२ मध्येच आली. पुढे ते अमेरिकेत आयोवाला शिकवायला गेले.

दूरदेशीताई, कवितेबद्दल वाचलं. पण तुम्ही शीर्षकात 'अभ्यासक' म्हटलंय, त्याबद्दल लिहा ना.

दूरदेशी

लिहिते. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच.

१९७० च्या सुमारास आलेलं त्याचं पुस्तक आहे, पाश्चात्त्य पंडितांनी आफ्रिकी धर्मांबद्दल काय लिहून ठेवलं त्यावर. त्यात एक गोष्ट येते. १९११ मध्ये इटालियन कॅथलिक मिशनरी अचोली वडीलधाऱ्यांना भेटले आणि विचारलं, "तुम्हाला कुणी निर्माण केलं?" अडचण अशी की शून्यातून निर्माण करणं असा स्वतंत्र शब्द त्या भाषेत नाही. मग प्रश्न झाला, "तुम्हाला कुणी घडवलं?" म्हणजे कुंभार मडकं घडवतो तसं. वडीलधारे म्हणाले, आम्ही आईच्या पोटून आलो. मिशनरी ऐकेनात, पुन्हा पुन्हा तेच. शेवटी एका म्हाताऱ्याला आठवलं. मणक्याचा क्षय झाला की चांगल्या माणसाला कुबड येतं, त्याचा आकार बदलतो. तो आकार बदलणारा एक दुष्ट आत्मा आहे, 'रुबांगा'. म्हातारा म्हणाला, माणसांना घडवतो तो रुबांगा. मिशनऱ्यांनी लिहून घेतलं. आजही अचोली बायबलात देवाचं नाव रुबांगा आहे.

लाविनोच्या काव्यातही हाच घोळ येतो. घडवणाऱ्याला कुणी घडवलं, त्याने माती कुठून आणली, असे प्रश्न ती विचारते आणि तिला उत्तर न देता हाकलून देतात. एकच माणूस, एकच प्रश्न. एकदा बाईच्या तोंडून गाण्यात, एकदा पंडिताच्या पुस्तकात. म्हणून 'अशिक्षित बाईचं भोळं बोलणं' असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. लाविनोच्या मागे वर्षानुवर्षांचा अभ्यास आहे.

त्याने आपल्या लोकांनाही सोडलं नाही. ख्रिस्ती झालेले आफ्रिकी विद्वान आपल्या देवांना ग्रीक झगे घालून मिरवतात, हा त्याचा आरोप होता. सर्वज्ञ, सर्वव्यापी, निराकार ही विशेषणं त्यांनी बाहेरून आणून डकवली, असं तो म्हणे. ऑक्सफर्डला त्याने मध्य लुओंच्या, म्हणजे अचोली ज्यांत मोडतात त्या लोकसमूहाच्या, धर्मावर डॉक्टरेटचा प्रबंध दिला, तो नापास झाला. त्याने तो १९७१ मध्ये पुस्तक म्हणून छापला.

मांडवीकाठ

रुबांगाची गोष्ट वाचून मी बराच वेळ तसाच बसलो. आमच्याकडे फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये राशोलला 'क्रिस्तपुराण' छापलं, मराठी ओवीत, आणि स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हणून मोकळा झाला. त्याने इथली भाषा वर्षानुवर्षं शिकून शब्द निवडले. तिकडे एका बैठकीत देवाचं नाव ठरलं. शब्द कोण निवडतो आणि किती घाईत निवडतो, यावर किती पिढ्यांचं काय काय ठरतं!

पुस्तकवेडा

नैरोबी विद्यापीठातला इंग्रजी विभाग बंद करा असं निवेदन १९६८ मध्ये न्गुगी वा थिओंगो, तबान लो लियोंग आणि हेन्री ओवुओर-अन्युम्बा या तिथे शिकवणाऱ्या तिघांनी दिलं होतं, ते गाजलेलं आहे. मौखिक साहित्य अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आणा, ही त्यातली एक मागणी. ओकोटही पुढे नैरोबीतच शिकवत होता ना? आणि तो मायदेशी का नव्हता?

दूरदेशी

हो. १९६६ मध्ये तो कंपालाच्या सांस्कृतिक केंद्राचा आणि राष्ट्रीय रंगमंदिराचा संचालक झाला. पहिला युगांडाचा माणूस त्या खुर्चीत. तोवर तिथे इंग्रजी नाटकं व्हायची, त्याने गावोगावचे नाचणारे-गाणारे आणले. पण सरकारवर बोलायचा. झांबियाला गेलेला असताना पद गेलं आणि परतीची वाट बंद झाली. मग केनिया. किसुमूला त्याने कलामहोत्सव भरवला, नैरोबीत शिकवलं, मध्ये आयोवा, टेक्सास, नायजेरियात इफे. घरी मात्र आधी ओबोटेची सत्ता, मग अमीनची. 'साँग ऑफ प्रिझनर' (१९७१) वाचा, त्यात कोठडीतला माणूस बोलतो. लाविनोची ऐट तिथे कुठेच नाही. मला ते एका बैठकीत वाचवलं नाही.

१९७४ मध्ये 'हॉर्न ऑफ माय लव्ह', अचोली गाण्यांचा संग्रह. अचोली तरुणाकडे स्वतःचं शिंग असायचं आणि प्रत्येकाची फुंकायची धून वेगळी. नाचाला निघाला की दूरवरून धून ऐकून मुलगी ओळखायची, कोण येतोय ते. १९७८ मध्ये लोककथा. १९८२ मध्ये अखेर मकेरेरे विद्यापीठात सर्जनशील लेखनाचा प्राध्यापक म्हणून तो परतला आणि त्याच वर्षी जुलैत गेला. वय ५१.

मुलीही कवयित्री आहेत. जुलियान ओकोट बितेक कॅनडात असतात. रवांडाच्या नरसंहारावर त्यांचा '१०० डेज' हा संग्रह आहे (२०१६).

काळी_माती

ताई, भोपळ्याचं राहिलं. लाविनोची ती म्हण तर सगळ्यात प्रसिद्ध: जुन्या वाड्यातला भोपळा उपटू नये.

मी एका मदतसंस्थेतर्फे २००५ ला गुलूला होतो, चार महिने. तेव्हा उत्तरेत युद्ध चालू होतं. १५ लाखांहून जास्त माणसं छावण्यांत कोंबलेली, झोपडीला झोपडी चिकटून. संध्याकाळी हजारो मुलं गावांतून चालत शहरात झोपायला यायची, बंडखोरांनी पळवून नेऊ नये म्हणून. तिथे एका म्हाताऱ्यांनी मला या म्हणीचा अर्थ सांगितला. अचोली कुटुंब जागा बदलतं, दुसरीकडे घर बांधतं. पण जुन्या जागेवरचा वेल आपोआप वाढत राहतो, आणि दुष्काळात कुणीही जाऊन भोपळा आणू शकतं. तो कुणाच्या वाटेत नसतो. मग उपटायचा कशाला? एवढंच.

मग ते म्हणाले, आमचे भोपळे तिकडे आहेत, आणि आम्हाला तिकडे जायची परवानगी नाही. मी तेव्हा ओकोटचं नावही ऐकलं नव्हतं. आज तुमचा धागा वाचून कळलं की ते मला कवितेतलं काही सांगत होते.

गिरणगाव

काळी_माती, तुमच्या प्रतिसादानंतर काय लिहू. मी वेल असा पाहिलाच नव्हता. 'उपटू नये' म्हणजे जुनं धरून बसा, असं मी समजत होतो. नवीन घर बांधायला त्यात मनाई नाहीच. रविवारी पुस्तक काढून परत वाचतो. सवतीचा आक्षेप मात्र कायम ठेवतोय.

दूरदेशी

ठेवाच. आणि वाचून झालं की इथेच लिहा.

सांजवात

मी इथे नेहमी नुसती वाचते, आज लिहितेय. माझी मावशी ८४ वर्षांची, मंगळवेढ्याकडे असते. तिला शेकडो ओव्या येत होत्या. धागा वाचून मी काल तिला फोन केला, म्हटलं, मावशी, तू सांग, मी लिहून घेते. ती म्हणाली, अशी फोनवर कुठं येत्यात गं. जातं तुळशीपाशी पालथं पडलंय, त्याला खुंटा राहिला नाही. तू ये, सुताराकडून खुंटा करून आण, मूठभर जोंधळं टाक. हात फिरायला लागला की येतील तोंडात.

दूरदेशीताई, ओकोट गाणी कशी उतरवून घ्यायचा? नुसते शब्द की आणखी काही?

दूरदेशी

सांजवात, त्याच्या संग्रहात मूळ अचोलीही आहे आणि इंग्रजीही, आणि गाणं कुठल्या नाचातलं, कुठल्या प्रसंगाचं ते सांगितलेलं आहे. तू पण मावशीच्याच बोलीत लिही, 'येत्यात'चं 'येतात' करू नकोस. कुणाचं नाव ओवीत आलं तर ते माणूस कोण, ते लगेच विचारून घे. आणि कधी जातेयस ते कळव, मी पुण्याहून येते. दळायला दोघी लागतात.

सांजवात

येत्या शनिवारी. सुताराला आजच सांगितलंय.